दोन तावांमधली गल्ली

३ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे मजेत, असं लिहायची सवय आहे, पण आज ते खोटं होईल. तुमच्या नव्या नियोजन कायद्याचा तो देशभराचा एकच नकाशा नगरपालिकेत लावलाय. हातातली शिवणाची मापं तशीच टाकून बघायला गेले, तर त्यात आमची गल्लीच नाही. घर नाही, माझं शिलाईचं दुकान नाही. तिथे निळा रंग, पुराचं पाणी साठवायची मोकळी जागा म्हणून. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, हरकत एकवीस तारखेपर्यंत घ्या, नंतर घर रिकामं करावं लागेल.

तुझे भावोजी म्हणतात, मेहुणा नकाशाच्या कचेरीत आणि आपण नकाशाबाहेर, दिव्याखाली अंधार. ते हसले. मला हसू येईना. फार भीती वाटतेय रे, लवकर कळव.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

नवा नकाशा ज्या जुन्या तावांवरून जोडलाय, ते काढून पाहिले. तुमची गल्ली बरोबर दोन तावांच्या शिवेवर येते. आमच्यात रीत अशी की काठावरचं शेजारच्या ताववाल्याने काढायचं. मला वाटलं तो काढेल, त्याला वाटलं मी. खाली माझी सही आहे, ताई, चोवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा ते खपून जायचं, कारण अधिकारी जागेवर येऊन बघत. नव्या कायद्यात कुणी येत नाही. नकाशात असेल तेच खरं.

हरकत टिकायची तर नकाशा काढणाऱ्याने लेखी द्यावं लागतं की चूक माझी. शेजारच्या तावाचा माणूस वारला, म्हणजे उरलो मी. गेल्या महिन्यात एकाने असं लिहून दिलं, त्याला घरी बसवलं. मी भित्रा आहे, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. दोन दिवस दे. भावोजींना नमस्कार, आणि माझ्यावर राग धरू नकोस.

तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

काही लिहून देऊ नकोस. तुझी दोन्ही पोरं अजून शिकताहेत. आम्ही दोघंच, कुठेही बिऱ्हाड करू. शिलाई मशीन काय, उचललं की चाललं.

एवढं लिहून झालं, पण अर्धा दिवस पाकीट डकवलं नाही. तू माझं ऐकशील, याचीच भीती वाटतेय. लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं, म्हणून तेही लिहिते.

तुझी ताई

१६ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आज लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. मग सही करायला सांगितलं, तर हात असा कापायला लागला की ती रजिस्टरातल्या सहीशी जुळेना. कारकुनाने कागद परत दिला. मी समोर उभा, तरी जुळलीच पाहिजे म्हणाला. आता वीस तारखेला साहेबांपुढे पुन्हा करायची.

मला वाटलं होतं, एकदाच धीर धरायचाय. तेवढाच होता माझ्याकडे.

वीसला सकाळच्या गाडीने ये. काही बोलू नकोस, नुसती माझ्या शेजारी बस. ‘लोभ असावा’चं नंतर बघू, आधी ये.

तुझा धाकटा