भर उन्हातला दिवा

मंगळवार, संध्याकाळ. राजापेठ.

बाळापूरचं प्रशिक्षण आज आटोपलं. नगरपालिकेची वीज वाचवतील असे ऊर्जा व्यवस्थापक तयार करायचे, हे माझं काम. झाले म्हणे तयार!

सकाळी नगरपालिकेत शिरतानाच पाहिलं, फाटकाजवळच्या खांबावरचा दिवा भर उन्हात जळत होता. वर्गात तोच विषय काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न विचारले ते एकट्या तायडेंनी, पाणीपुरवठ्यातल्या जुन्या कारकुनानं. वाटलं, चला, एक तरी माणूस गवसला.

जेवताना तेच हसत म्हणाले, "सायेब, मी तं पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राहिलो. ज्याच्यावाचून ऑफिसचं अडत नाही, त्यालेच ट्रेनिंगले पाठवतेत."

"मग एवढे प्रश्न काहून विचारले?"

"तुमाले बरं वाटावं म्हणून."

रागावू तरी कुणावर?

निघताना त्याच खांबाखाली फोटो काढला. आता मोबाइलवर पाहतोय. प्रमाणपत्रं छातीशी धरून सगळे हसतायत, मधोमध मी. आणि डोक्यावर तो दिवा, चालूच. बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.