नाव-गाव न विचारता

नाना, माणसाने आपलं नाव सांगितलं नाही तर त्याच्या बोलण्याची जबाबदारी कोणी घ्यायची? प्रश्न तुमचाच आहे. तुम्ही तो दळणाच्या डब्यांबद्दल विचारायचात, मला तो माणसांबद्दल पडला आहे. घरातली पहिली पदवी तुमच्या या लेकीची, पण त्या पदवीचा इथे काही उपयोग होत नाही.

पाचोऱ्याची आपली गिरणी आठवते. चार वाजले की तुम्ही मोटार बंद करता, दळण अर्ध्यावर असलं तरी. जळगावहून फोनचा कार्यक्रम लागायची वेळ झालेली असते आणि गिरणीच्या घरघरीत रेडिओ ऐकू येत नाही. रांगेतली एखादी बाई म्हणते, "नानाना रेडिओ बंद व्हई तवय पीठ पडी," आणि बाकीच्या हसतात. तुम्ही पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून ऐकत बसता. फोन करणारा आधी नाव सांगतो, मग गाव, मग घरातल्या सगळ्यांची नावं. गाव ओळखीचं निघालं की तुम्ही समाधानाने मान हलवता, जणू पाव्हणाच दारात आला. तुमचा स्वतःचा फोन एकदाच लागला. तुम्ही तुमचं नाव सांगितलंत, गाव, आईचं नाव, माझं, शेजारच्या किराणावाल्या शेठजींचं, समोर शिलाईला बसणाऱ्या चाचांचं, आणि तेवढ्यात वेळ संपला. जे विचारायला फोन केला होता ते राहूनच गेलं. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. पुढे कितीतरी दिवस बाजारात लोक तुम्हाला थांबवून "नाना, नाव ऐकलं तुमचं" म्हणत होते. मी शाळेत मान ताठ करून चालत होते. रेडिओत काम करायचं हे मी तेव्हाच ठरवलं.

आणि ती दुपारही आठवते. एक नवी सून छोटासा डबा घेऊन आली होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, कोना डबा शे, कोणाच्या घरचा. तिने डबा नुसता पुढे सरकवला. पुन्हा विचारलंत. ती म्हणाली, दळून द्या ना भाऊ, पैसे आहेत. तुम्ही डबा रांगेत लावू दिला नाहीत. ती गेल्यावर मी पोत्यावर बसल्या बसल्या म्हटलं की दिलं असतं दळून तर काय झालं असतं. तुम्ही मला सगळ्यांसमोर रागावलात. "डबे बदलले तर कोणाला हाक मारू? नाव सांग, गाव सांग, मंग बोल." तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या गिरणीत कधी कोणाचं पीठ कोणाच्या घरी गेलं नाही. पण ती बाई नंतर दिसली नाही, आणि नाव न सांगण्याचं तिचं काही कारण असेल, हे तेव्हा आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी दहावीत असताना तुम्ही गेलात. आता जळगावातल्या एका एफएमवर गप्पांचा तास माझ्याकडे आहे. गाणी नाहीत, नुसतं बोलणं. पहिल्या दिवसापासून मी तुमच्याच पद्धतीने सुरुवात केली. फोन आला की नाव काय, कुठून बोलताय. तुम्ही ऐकत असाल असं समजून विचारायचे. फोन खूप यायचे, पण सगळे तुमच्या वयाचे. जामनेरचे एक निवृत्त काका रोज ठरलेले. त्यांना कुठल्याही विषयावर मत असतं आणि ते हल्लीच्या पोरांपाशी येऊन संपतं. पोरांचा मात्र एकही फोन नाही. आमच्या मॅनेजरांनी एक दिवस मला बसवून सांगितलं की जाहिराती देणारे क्लासवाले आणि गाडीच्या शोरूमवाले तरुण श्रोते मागतात, काकांना कोण गाडी विकणार. हा महिना बघू, नाहीतर तुझ्या तासाला गाणी आणि फोनवर लोकांची फजिती करायचा कार्यक्रम. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनाही पगार काढायचे असतात.

मी चिडले, मग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात विचारायला गेले. वाटलं होतं त्या म्हणतील रेडिओ कोण ऐकतं आता, सगळं मोबाइलवर आहे. काहीजणी तसं म्हणाल्याही. पण बऱ्याचजणींना माझा कार्यक्रम माहीत होता. मेसच्या मावशी पोळ्या लाटताना लावतात, घरी गेलं की वडिलांच्या दुकानात तोच चालू असतो. मग फोन का करत नाही, विचारलं. धुळ्याकडची एक म्हणाली, "ताई, तुम्ही पहिलंच नाव-गाव विचारता. आमच्या गावात या नावाची मी एकटीच. मी सुट्टीला घरी पोचायच्या आधी माझं बोलणं पोचलेलं असेल." दुसरी म्हणाली, बरं आहे की, रेडिओवरूनच स्थळं येतील. खूप हसल्या. मीही हसले, पण परत येताना रिक्षात माझं हसू गेलं. आमची अडचण अशी नव्हती की पोरांचे आईबाप ऐकतात आणि पोरं ऐकत नाहीत. आईबाप ऐकतात, म्हणूनच पोरं बोलत नव्हती.

नाव-गाव विचारणं बंद करते म्हटलं, तर मॅनेजर म्हणाले, नाव नाही म्हटल्यावर कोणीही काहीही बोलेल. मी म्हटलं, नाव सांगून तरी काकांना कोण अडवतं. ते हसले आणि महिनाअखेरपर्यंत कर म्हणाले. सोमवारी मी पहिल्यांदा नुसतं "बोला" म्हटलं. काकांनी सवयीने नाव, गाव, सगळं सांगितलं आणि मी ते विचारलं नाही म्हणून नाराजही झाले. दोन-तीन दिवस तसेच गेले. मग एका मुलीचा फोन आला. म्हणाली, "मी घरी सांगितलंय की सकाळी क्लास असतो. मी ग्राउंडवर पळायला जाते. पोलीस भरतीसाठी. घरच्यांनी माझी सुपारी फोडायचं, लग्न पक्कं करायचं ठरवलंय, आणि मला आधी भरती द्यायची आहे." एवढं बोलून तिने फोन ठेवला. लगेच काकांचा फोन, तिने घरी सांगून टाकावं म्हणाले. त्यांच्यामागून एका मुलाचा फोन, "काका, तुमच्या घरी सांगता येत असेल." त्या तासात मला फार बोलावंच लागलं नाही. फोन थांबत नव्हते, आणि आवाज कोवळे होते.

कार्यक्रम संपल्यावर ऑफिसच्या फोनवर एका माणसाचा फोन आला. म्हणाला, ती पळणारी माझीच पोर वाटते, आवाज तिचा आहे, नंबर द्या. मी नाही म्हटलं. बरं, शेवटचे आकडे सांगा, मी ओळखतो. तेही नाही म्हटलं. तो ओरडला नाही, धमकी दिली नाही. त्याने आपलं नाव सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो रागावलाय की घाबरलाय हे मला आवाजावरून कळेना, आणि एवढी वर्षं आवाजांचंच काम करून कळू नये याची मला लाज वाटली. तो म्हणाला, "ती आहे का एवढंच सांगा. तुम्हाला बाप आहे ना, ताई?"

नाना, मी "बाप आहे" म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ती त्याचीच पोर आहे का ते मी सांगितलं नाही, आणि त्याने फोन ठेवला.

मॅनेजर म्हणतात की नंबर स्टुडिओच्या नोंदीत राहू दे, उद्या काही झालं तर विचारायला येतील, आपली जबाबदारी आहे. अगदी तुमच्यासारखंच बोलतात. खरंच काही झालं तर? तिला घरी मार बसला, किंवा ती घर सोडून गेली, तर मी कोणाला हाक मारणार? आणि तो बाप नुसता काळजीत असेल, कदाचित उद्या पहाटे तिला स्वतः ग्राउंडवर सोडायला जाणारा असेल, तर मी त्याच्यावर अन्याय केला. हे सगळं मला दिसतं. हे पत्र मी आईला वाचून दाखवणार नाही, कारण ती म्हणेल बापाला नंबर द्यायला हवा होता. तुम्हीही तेच म्हणाला असतात. त्या फोनवर तुम्ही असतात तरी मी तुम्हाला नंबर दिला नसता, हे खरं आहे.

आज सकाळी मॅनेजर यायच्या आधी मी स्टुडिओत गेले आणि आलेल्या फोनच्या नोंदीतून तिचा नंबर काढून टाकला. मग बाकीच्या पोरांचेही काढले.