पिसांत दम होता

सर,

गेल्या आठवड्यात नोएडातल्या आमच्या लॅबमध्ये मी पुन्हा कोंबडीची पिसं वाळवली. धुतलेली, देठ काढलेली, बारीक कापलेली, तुम्ही शिकवलंत तशी. ओव्हनमधून थेट हवाबंद डब्यात, डब्यातून थेट मशीनमध्ये, वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळायला. पट्ट्या निघाल्या. वाकवल्या, ताणल्या, एकही तडकली नाही. सगळे खूश झाले. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले.

तुम्ही कोंबड्यांच्या मंडीतून पोत्यांनी पिसं आणायचात, आणि पक्क्या शाकाहारी काकू तुम्हाला अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. “प्रोटीन आहे गं ते, आपल्या केसांसारखं. लोक फेकतात, आपण त्यानं प्लॅस्टिक मजबूत करू,” म्हणायचात. ताकीद एकच होती, वाळलेली पिसं उघडी ठेवायची नाहीत, हवेतलं पाणी लगेच ओढतात. त्या ऑगस्टात कंपनीची माणसं तुमचं काम बघायला यायची होती. सकाळी ओव्हनमधून ट्रे बाहेर काढून, पिसं उघडीच टाकून मी कँटीनमध्ये छोले-भटुरे खायला गेले, आणि तासभर गप्पा छाटत बसले. परतले तर पाहुणे दारात. पुन्हा वाळवायला अख्खा दिवस गेला असता. मी तीच पिसं मशीनमध्ये घातली.

पाहुण्याच्या हातात पहिलीच पट्टी बिस्किटासारखी तुटते. “प्रोफेसर साहब, ये तो चूरा है,” तो म्हणतो, आणि बाकीचे हसतात. तुम्ही माझ्याकडे वळता.

“वाळवली होतीस ना गं?”

“बिल्कुल, सर.”

तुटलेल्या कडेला वाफेचे फुगे होते, ते तुम्हालाही दिसले. पण मी हो म्हटल्यावर तुम्ही माझ्यावर नाही, पिसांवर संशय घेतलात. “मग यांच्यातच दम नाही,” एवढंच म्हणालात. रागावला असतात तर बरं झालं असतं. पोती त्याच आठवड्यात कचऱ्यात गेली. निवृत्तीपर्यंत तुम्ही दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासत बसलात आणि आपली कल्पनाच चुकली असं समजतच जग सोडून गेलात. आता माझी पट्टी तुटली नाही म्हणून काय होणार? तुम्हाला ती दाखवता येत नाही.

हे पत्र निदान काकूंच्या हातात द्यावं. नोएडाहून काकूंचं गाझियाबाद काही लांब नाही. पण मी देणार नाही. रविवारी फोनवर त्यांनी विचारलंच होतं, “ह्यांच्या त्या पिसांचं पुढे काही झालं का गं?”

मी म्हणाले, “नाही काकू. सरांना ते जमलं नाही.”