मुचानेताचे कान

९ जानेवारी
बबून पुन्हा मक्यात उतरले होते. मुचानेतानं एकट्यानं हुसकले. कणसं वाचली, म्हणजे वर्षभर रोज शिजवायचा मक्याच्या पिठाचा साद्झा वाचला. देवाचे आभार, आणि त्याच्या खालोखाल या कुत्र्याचे.

अंगावर एक गोचीड नाही, पिसू नाही. या पावसात गावातली बाकीची कुत्री खाजवून बेजार, आणि आमचा राजा दारात ऐटीत. दर शनिवारी चुलीतली राख चोळते, तिचाच गुण. चर्चमध्ये बायकांनाही सांगितलं. माई चेन्जेराई म्हणाली, "राख आम्हीपण चोळतो. आमच्याकडे नाही ती काही करत." म्हटलं, हात लागतो त्याला.

१२ जानेवारी
पलीकडच्या मैगुरू आज ग्वेरूला गेल्या, मुलीच्या बाळंतपणाला. थोरली जाऊ, म्हणून इथे लिहितानाही मान द्यायचा. डोक्यावर बोचकं घेऊन कुंपणाशी थांबल्या होत्या. काही बोलायचं होतं बहुतेक. मी कुत्र्याला हाक मारली, नेहमीसारखी, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी — मुचानेता! मग गेल्या.

मुचानेता, म्हणजे 'थकाल तुम्ही.' बांधावरून भांडण झालं आणि मैगुरूंचं तोंड थांबेना, तेव्हा आमच्या शुविराईच्या बाबांनी पिलाचं हे नाव ठेवलं. थोरल्या वहिनीला तोंडावर कसं बोलणार? कुत्र्याला मात्र दिवसातून कितीदाही बोलवता येतं. ते गेले. नाव राहिलं, आणि हाक माझ्याकडे आली.

१३ जानेवारी
पलीकडे सामसूम. बरं वाटतंय.

२० जानेवारी
मुचानेताच्या कानात गोचीड! एक नाही, रांगच. राख दुप्पट चोळली. शिंकला.

२४ जानेवारी
राखेचा काही उपयोग नाही. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली — शेंगदाण्याएवढे टरारलेले. ओढायला गेले तर कळवळला, तोंडं आतच राहिली.

आज गुरं गोचीड मारायच्या औषधात बुडवायला डिपच्या हौदावर नेली होती. तिथल्या मुशोरिवा साहेबांना म्हटलं, तुमच्या औषधातलं डबाभर द्या, ओतते याच्यावर. ते हसले. "माई, ते गाईचं माप आहे. गोचीड आणि कुत्रा, दोघं एकदमच जातील." सोमवारी त्याला घेऊन यायला सांगितलं. सोमवार लांब आहे.

२६ जानेवारी
साद्झा हुंगला नाही. मटणाचं हाडही नाही. बबून बांधावर बसून बघत होते, हा उठला नाही. मीच डबा वाजवत धावले.

दुपारी पाहते तर जागेवर नाही. शोधत गेले. कुंपणाच्या भगदाडातून पलीकडे, मैगुरूंच्या बंद स्वयंपाकघराच्या दाराशी पडलेला. डोकं उंबऱ्यावर, एक कान वर केलेला. कोणाच्या तरी मांडीवर ठेवावं तसं.

उंबऱ्याशेजारी जॅमचा जुना डबा होता. आत रॉकेल. तळाला मेलेले गोचीड, नव्याजुन्यांचा खच.

मी तिथेच बसले. राख म्हणे.

त्याच दिवशी, नंतर
चर्चमधल्या बायकांकडून नंबर घेतला. इतक्या वर्षांत बोलणं नाही, आणि मी फोनवर एकदम, "मैगुरू, तो जेवत नाही."

कोण, असं त्यांनी विचारलंच नाही. "हिरड्या बघ. गुलाबी की पांढऱ्या?"

पांढऱ्या. मुशोरिवा साहेबांनी सोमवारी आणायला सांगितलंय, म्हटलं.

"मग सोमवारची वाट बघू नकोस. गोचिडाचा ताप आहे तो. गाडीवर घाल आणि आत्ता ने मुशोरिवाकडे. आणि काढताना पिळू नकोस ग बाई, कातडीजवळ धरायचा, सरळ ओढायचा."

तुम्ही कधीपासून हे, असं विचारलं.

"तुझा नवरा गेला त्या पावसाळ्यापासून. तुझं लक्ष कुठे होतं तेव्हा? गोचिडांनी भरला होता, आपणहून माझ्याकडे आला. मग रोज येत राहिला."

आणि त्याचं नाव? मला राहवेना.

"नावाला काय झालं? मी समजायचे, गोचिडांना ठेवलंय. एकेक काढायचा आणि म्हणायचं, मुचानेता, थकाल रे तुम्ही."

हसल्या. मला हसू आलं, मग रडू आलं. गाडी जुंपली.

२७ जानेवारी
इंजेक्शन दिलंय. औषध कुत्र्याच्या मापानं पातळ करून साहेबांनी स्वतः अंगाला लावलं. "आजची रात्र काढली तर वाचेल" असं काल म्हणाले होते. काढली. अजून उठत नाही. पाणी बोटानं चाटवते.

मैगुरूंचा फोन. "पाणी प्यायला का?" एवढंच.

३० जानेवारी
मऊ साद्झा खाल्ला, दोन घास. माझ्या हातून. देवा, मुशोरिवा साहेबांच्या हाताला यश दे. त्या जॅमच्या डब्यालाही.

६ फेब्रुवारी
बबूनवर भुंकला! धावला नाही, नुसता भुंकला. तेही पळाले. त्यांना कुठे ठाऊक.

रोज दुपारी गोचीड मी काढते आता. पाय पसरून बसायचं, तो डोकं मांडीवर टाकतो, कान पुढे करतो. आधी उजवा. ही सवय माझी नाही, मैगुरूंची आहे. चर्चमध्ये बायकांना खरं काय ते सांगितलं. माई चेन्जेराई म्हणाली, "तरीच! हात लागतो म्हणे." आठवडाभर चिडवणार आता. चिडवू दे.

१५ फेब्रुवारी
मैगुरू आल्या. नातू झाला. टोपलीत एक कुत्र्याचं पिल्लूही आणलंय. मुचानेता उडी मारूनच पलीकडे गेला. मी भुईमुगाची टोपली भरून ठेवली होती, कशी द्यायची ते सुचेना. कुंपणावर ठेवून आले.

१६ फेब्रुवारी
सकाळी अंगण झाडत होते. पलीकडून पिलाला हाक आली, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी.

"न्दानेता!"

म्हणजे 'दमले मी.'

झाडू टाकला, कुंपणाशी गेले. "मीपण, मैगुरू," म्हटलं.