सोयाबीनच्या आडतीत 'दगडफोड'

लातूर

आदरणीय सरजाआक्का,

सविनय जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे आहेत, फक्त परवाच्या तुझ्या फोनपासून माझा डावा कान जरा कमी ऐकतो. (उजवा तुझ्या लेकीच्या बँडने आधीच घेतला होता.) फोनवर मला मध्ये शिरायला फट मिळाली नाही, म्हणून कागदावर बोलतो, इथे तरी तुला मध्ये बोलता येणार नाही. रविवारी येऊन महामायाला देवणीला परत नेणार म्हणालीस. ने, पोरगी तुझी आहे. पण आधी परवा झालं काय ते ऐक.

कॉलेज सांभाळून ती गाते, हे मला ठाऊक होतं. बँडचं नाव 'दगडफोड'. एक गाणं ऐकलं की हे नाव का ठेवलं ते विचारावं लागत नाही. आनंदराज गिटार वाजवतो आणि बबलू ड्रम वाजवतो, म्हणजे आपण ज्याला बडवणं म्हणतो ते. या पोरांना रेकॉर्डिंग करायचं होतं, तेही मोबाईलवर नको, कॉम्प्युटरवर नको, माझ्या जुन्या टेपवरच हवं. (ज्यावर मी जयंतीचे गायनाचे कार्यक्रम भरायचो आणि ज्याला तू अडगळ म्हणतेस, तेच मशीन.) धड माईक दोनच. एक ड्रमला दिला, दुसरा बाकी सगळ्या जगाला. मागाहून कुणाचा आवाज कमी-जास्त करायची सोय नाही. ज्याचा आवाज मोठा त्याला माईकपासून लांब उभं करायचं, एवढीच माझी विद्या.

मोंढ्यात आडत्या शरणप्पांच्या गोदामात सोयाबीनची थप्पी पार पत्र्यापर्यंत लागली होती. पोती आवाज गिळतात. पहिलं गाणं इतकं नीट भरलं की मी स्वतःवरच खूश झालो. आणि तेवढ्यात भाव वधारला. मी हात जोडले तर शरणप्पा म्हणाले, "धम्मानंदराव, तुमच्या गाण्यापायी माल ठिवून घेऊ का? ह्यो भाव उद्या ऱ्हायचा न्हाई." हमाल पोती उचलायला लागले (बबलूच्या तालावर चालत होते, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे). पोती गेली तसं गोदाम घुमायला लागलं आणि महामायाच्या आवाजाने मशीनचा काटा लाल पट्टीत जाऊन पडला. मी तिला मागे सरकवलं. अजून पोती गेली, अजून सरकवलं. असं करत करत शेवटच्या गाण्याला गोदाम रिकामं आणि तुझी लेक रस्त्यापलीकडे, चहाच्या गाड्यापाशी, दोन्ही हात वर करून गातेय. तिथेच तुमची शेजारीण साखराबाई आडतीत माल घालून चहा पीत बसलेली.

म्हणजे पोरगी भर रस्त्यात गाते, हे साखराबाईने तुला सांगितलं ते खरंच आहे. पण तिला रस्त्यावर मी नेलं, आक्का. तिची काही चूक नाही.

आणि हा आवाज तिने आणला कुठून? दाजी तर मीठसुद्धा कुजबुजत मागतात. लहानपणी तू रानातून मला हाक मारलीस की शाळेतली प्रार्थना थांबायची. इतकी वर्षं मी गाणारे भरले, पण परवा रस्त्यापलीकडून तिचा सूर आला आणि मला रडू आलं. तिला नेऊ नकोस. अभ्यासाला मी बसवतो.

तुझा धाकटा,
धम्मानंद

ता. क. : सोबत कॅसेट आहे. ती ऐकल्याशिवाय एसटीत बसू नकोस.

आणखी ता. क. : खरं तर हे पत्र एका परवानगीसाठी आहे. साखराबाईचा चहा संपायच्या आत तुझा फोन आला, तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं. हात मशीनवर, म्हणून मी फोन स्पीकरवर घेतला, आणि तुझं सगळं बोलणं टेपवर उतरलं. फोनमधूनही काटा लाल पट्टीत! मी पुसायला निघालो तर महामायाने हात धरला. ऐकताना आधी हसली, मग तोंड फिरवून बसली. म्हणाली, "मामा, शिव्या पुसा. शेवटचं तेवढं ऱ्हाऊ द्या." शिव्या सगळ्या मलाच होत्या, त्या पुसल्या (त्यांच्याबरोबर गाण्याचाही तेवढा तुकडा गेला). फोन ठेवता ठेवता तू विचारलं होतंस, "आन् सकाळपासून जेवली का न्हाई ती?" गाणं आता तिथे संपतं. ठेवू ना?