पाठीमागची टोपली

८ एप्रिल

नाही म्हणाले! तोंडभर हसून, चहा पाजून नाही म्हणाले. गावच्या शाळेच्या हेडसरांचं म्हणणं, आठवीपर्यंत निलमला सांभाळलं, आता नववीत ती काय करणार? मागच्या बाकावर बसून खिडकीच्या गजांवरून बोट फिरवते, तेवढंच. 'तिच्यासारख्या मुलांची शाळा असते हो, तिथे बघा.' असते. कुठे, ते मात्र त्यांना ठाऊक नाही.

पंधरा वर्षांची झाली माझी पोर. ऑटिझम आहे, समजही लहान मुलाएवढीच राहील, असं डॉक्टरांच्या कागदावर आहे. पाणी, नको, गाय — असे मोजकेच शब्द बोलते. त्यात 'आई' नाही. मला फार काही नकोच आहे. सकाळी कुणीतरी हजेरीत तिचं नाव घ्यावं, आणि ती आली नाही तर विचारावं, का नाही आली म्हणून.

२१ एप्रिल

वापीला एक शाळा पाहून आलो. चांगली आहे, झोपाळे, रंगीत भिंती, सगळं. पण शिकवणं गुजरातीत. मी बाजारात गुजराती बोलते, जतीन तर व्यापाऱ्यांशी भांडतोसुद्धा गुजरातीत. निलमला 'ये' कळतं, 'आव' कळत नाही. टेबलाखाली जाऊन बसली ती बसलीच.

येताना अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो. हॉर्नवर हॉर्न. तिनं कान दाबून धरले, मी तिला. जतीन म्हणाला, "राहू दे ना घरी. चिकूची वाडी आहे, आपण आहोत." आपण काय कायमचे आहोत? हे मी त्याला बोलले नाही. इथे लिहिते.

२२ एप्रिल

चिकू उतरवला. दिवस गेला.

२ मे

तलासरीची शाळा! हायवेवरून बरंच आत, कौलारू वर्ग, आवारात झाडं, आणि माणसं मराठी बोलणारी. मोठ्या मुली पापड लाटत होत्या. एकजण कपड्यांच्या घड्या घालत होती, माझ्यापेक्षा नीट. मुलींची राहायची सोय आहे. सोमवारी सोडायचं, शनिवारी आणायचं. इतके दिवस शोधतेय ते हेच, असं फाटकातच वाटलं.

प्रवेश संगीताताईंच्या हातात. चटईवर निलमसमोर बसल्या, लाकडी ठोकळे ओतले, म्हणाल्या, लाव बघू. निलम उठली. कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा ओढत आणून त्यांच्या पाठीशी ठेवला. त्यांनी तो जागेवर नेला. हिनं परत आणला. शेवटी त्यांनी डबा वर्गाबाहेरच काढला. मग ही बसली. मोठे ठोकळे एकीकडे, मधले एकीकडे — मी जतीनला आनंदानं कोपरानं ढोसलं — आणि बारके एकेक करून खांद्यावरून मागे! एक जाऊन एका मुलीच्या कानाला लागला. ती किंचाळली, मग निलमही किंचाळली.

'वस्तू फेकते हो. इथे बाकीच्या मुलीही आहेत, ताई.' सौम्यपणे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

३ मे

जेवले नाही. निलम जेवली. माझ्याही ताटातलं.

सासूबाईंना आनंद लपवता येत नाहीये. 'पोर घरातच बरी.' त्यांचा जीव आहे तिच्यावर, कळतं मला. तरी राग आला.

७ मे

मूर्ख! मीच मूर्ख!

दुपारी पडवीत चिकू निवडत होतो, निलम आणि मी समोरासमोर, नेहमीसारख्या. मोठा चिकू एका क्रेटमध्ये, मधला दुसऱ्या क्रेटमध्ये, आणि बारका न बघता खांद्यावरून मागे, टोपलीत, गाईसाठी. या घरातल्या सगळ्या बायका अशाच निवडतात. मला लग्नानंतर सासूबाईंनी शिकवलं, निलम आम्हाला बघून शिकली. आज तिचा हात खांद्यावरून गेला आणि मी बघतच राहिले. ती ठोकळे फेकत नव्हती. निवडत होती!

तशीच धावत वाडीत गेले. जतीन झाडाखाली उभा होता. त्यानं ऐकलं, हसत सुटला आणि मग डोळे पुसले. घाम आला म्हणाला. "फोन कर, नूतन. आत्ताच्या आत्ता."

१२ मे

क्रेट भरून चिकू घेऊन गेलो, सगळे आकार मिसळून. टोपली मीच आठवणीनं निलमच्या मागे ठेवली. तरी ती उठून कोपऱ्यातल्या त्या डब्याकडे निघालीच. आज तो तमाशा नको, म्हणून मी हात धरून तिला खाली बसवलं. दोनदा बसवलं. मग जी निवडायला लागली! एक बारका चिकू टोपलीबाहेर गेला नाही.

संगीताताईंनाही राहवलं नाही, त्या समोर बसून निवडू लागल्या. त्यांचे मधले आणि मोठे सारखे चुकत होते. निलम त्यांचा चिकू उचलायची, बरोबर क्रेटमध्ये ठेवायची. कुणी तिला हसलं नाही. कुणी कीवही केली नाही.

"जूनमध्ये आणा. पण सुरुवातीला मधेच भेटायला येऊ नका. तिच्यापेक्षा तुम्हालाच जड जाईल." हो म्हणाले. काहीही सांगितलं असतं तरी हो म्हणाले असते.

२८ मे

तिच्या कपड्यांवर नाव शिवतेय. नि-ल-म. फ्रॉक, टॉवेल, चादर. ती शेजारी बसून दोरा ओढते, मी रागावते, ती परत ओढते.

दारोदार फिरले, आणि आता मिळालंय तर वाटतंय, जाऊच नये हिनं. हे कुणाला सांगू? जतीन म्हणेल, मग राहू दे. आणि मी लगेच हो म्हणेन. म्हणून सांगत नाही.

१६ जून

सोडून आलो.

वाटलं होतं रडेल. तिनं चपला काढल्या, ओळीत लावल्या, दुसऱ्यांच्याही सरळ केल्या आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. मी फाटकाशी थांबून हजेरी ऐकली. 'निलम.' ती काही बोलली नाही. शेजारच्या मुलीनं तिचा हात धरून वर केला.

जतीन मला ओढतच गाडीकडे घेऊन आला.

१७ जून

एकटीच बसले निवडायला. बारका चिकू मागे टाकला, तो जमिनीवर आपटला. वळून पाहिलं. टोपलीच नाही. सासूबाईंना विचारलं, आज टोपली ठेवली नाहीत का?

"मी कधी ठेवत होते? निलमच ठेवायची की. आधी तुझ्या पाठीमागे, मग स्वतःच्या."

तो कचऱ्याचा डबा!

उद्या संगीताताईंना फोन करून सांगायला हवं. तिनं तुमच्या पाठीशी काही आणून ठेवलं, तर उचलू नका.