पाठीवरच्या पुटकुळ्या

प्रिय प्रफुल्ल,

डब्यात रताळ्याखाली हा कागद दिसला की आधी चिडशील. चीड. फोन केला की "स्पर्धा होऊ दे, मग बोलू" म्हणून ठेवून देतोस, आणि शरीरसौष्ठव स्पर्धेच्या तयारीसाठी तू राहतोयस त्या अजितच्या घरी येऊन त्याच्या आईसमोर हे बोलायची मला लाज वाटते. तुझ्या पाठीचं औषध संपलं म्हणून काल मी एकटीच शीवच्या त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. तिथून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

या पुटकुळ्यांनी किती जीव खाल्ला आपला. घरी आई म्हणाल्या उष्णता आहे, सब्जा पाजला. चंपामावशींनी कडुलिंबाचा पाला आणून दिला. मी साबण बदलला, तेल बंद केलं, उशीचे अभ्रे उकळत्या पाण्यात घातले. तुझी बनियन धुताना रक्ताचे ठिपके दिसले की मला रडू यायचं. तू मात्र आरशात पाठ वळवून हसायचास, स्टेजवर रंग चोळला की कुणाला काय दिसतंय म्हणायचास. त्याच रंगाने गेल्या स्पर्धेनंतर खांद्यावरचे फोड पिकले आणि तू तापाने फणफणला होतास.

डॉक्टरीणबाईंनी काल मला नीट समजावलं. कातडीखाली तेलाच्या ग्रंथी असतात, त्या पुरुषी हार्मोनवर चालतात. वयात येणाऱ्या मुलांना मुरुमं येतात ती त्यामुळेच. पण तिशी उलटलेल्या माणसाच्या पाठीवर एकाएकी एवढं उठतं आणि गोळ्या-मलम काही लागू पडत नाही, तेव्हा ते हार्मोन बाहेरून येतंय का ते बघावं लागतं. तुला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तू म्हणालास, फक्त प्रोटीनची पावडर घेतो. काल त्यांनी मला विचारलं, घरात सुया दिसतात का. मला माळ्यावरचा तुझा बुटांचा खोका आठवला, तू कुणाला हात लावू देत नाहीस तो. घरी येऊन उघडला, तर आत सुया आणि इंजेक्शनच्या बाटल्या. इंजेक्शनं चालू असतील तोवर कुठलंच औषध पाठीला लागू पडणार नाही, आणि ती सोडायची तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असं त्या आधीच म्हणाल्या होत्या.

एवढंच असतं तर मी रविवारच्या स्पर्धेपर्यंत गप्प बसले असते. पण दवाखान्यातून निघताना मी सहज विचारलं, याने आणखी काय होतं. त्या म्हणाल्या, हृदयाला आणि लिव्हरला त्रास होतो, आणि मूल राहत नाही. सोडल्यावर पुष्कळांचं सुधारतं, पण वेळ लागतो. मी तिथेच जिन्यात बसून राहिले. लग्नापासून सोनोग्राफ्या माझ्या, गोळ्या माझ्या, बारशाला गेले की बायकांच्या नजराही माझ्यावर. माझ्या डॉक्टरांनी तुझीही तपासणी करा असं सांगितलं होतं, तेव्हा आई म्हणाल्या, असा दणकट गडी, त्याला काय तपासायचंय. तू मान खाली घालून मोबाइल बघत होतास. तुला तेव्हा माहीत होतं का, ते मी विचारत नाही. उत्तर ऐकायची हिंमत नाही माझ्यात.

उद्या सकाळी मला परळच्या हॉस्पिटलात दाखल करतायत. भूल देऊन पोटात दुर्बीण घालणार, दोष शोधायला. आईंनी माझी बॅग भरली, नवा गाऊनही आणला. मायेने करतायत म्हणून आणखी जीव जातो. मी सांगितलं तर नवऱ्यावर ढकलते म्हणतील. मला फार भीती वाटतेय, प्रफुल्ल. डबा खाल्लास की ऊठ, घरी ये, आईंच्या समोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास तर मी जाईन, ऑपरेशनच्या टेबलावर झोपेन. तपासणीत काही निघणार नाही, आणि मग आई माझ्यासाठी आणखी मोठा डॉक्टर शोधतील.

तुझीच,
संघमित्रा